मुकी जागा

कंधारला, मुलींच्या शाळेचं गॅदरिंग.
चाऊस साउंड सर्व्हिस: मालक एक, पोऱ्या एक.
पोऱ्या मी.

दोन बॉक्स, विटांवर चढवलेले,
स्टेजच्या ह्या अंगाला एक, त्या अंगाला एक,
मध्ये तीस पावलं. सालेहभाई मोजूनच ठेवायचा.
वायरी जोडल्या मी. घाईत. दातांनी सोलून.

पहिल्याच नाचाला ढोलकी सुरू झाली
आन् मधल्या रांगांत धूम आलाच नाही.
टाक टाक तेवढं पोचत होतं,
पत्र्यावर कुणी नखानं वाजवावं तसं.
डावीकडं धूम होता,
उजवीकडं तर छातीत बसत होता,
पण मधोमध, पाहुण्यांचे सोफे संपून
लाल खुर्च्या सुरू होतात तिथून
पार मागच्या कडुलिंबापर्यंत
एक बोळ होती, गप्प.

मला वाटलं, बॉक्स गेला.
हात लावून बघितला: जिवंत, थरथरतोय.
धावत जाऊन दुसरा बघितला: तोबी जिवंत.
दोघं पुऱ्या ताकदीनं ओरडत होते
आणि दोघांच्या मधोमध
कुणीच बोलत नव्हतं.

सालेहभाईचा डावा कान गोवरात गेलेला.
म्हणायचा, एका कानाला मुकी जागा जल्दी घावते.
मान तिरकी करून, विहिरीचं पाणी बघणाऱ्यासारखा
तो रांगेरांगेतून चालला,
एक पाऊल इकडं, अर्धं तिकडं,
थांबला.
"वायर उल्टी मारला तू. लाल काळ्यात."

रागावला नाही. हौदावर नेलं.
दोन्ही हातांची बोटं पाण्यावर धरली:
डावं बुडालं की उजवं वर,
उजवं बुडालं की डावं वर.
गोल गोल लाटा निघाल्या, एकमेकींतून गेल्या,
कुणी कुणाला अडवलं नाही.
आणि बरोबर मध्यावर लिंबाचं एक पान
होतं तिथंच होतं.
सगळा हौद हलत होता, पान हलत नव्हतं.

"इसने ढकली हवा, उसने खींच ली.
बीचवाल्याला काय, भोपळा?"

मग धूम गेला कुठं, मी विचारलं.
"जाईल कुठं? शेंगावाल्याला पूछ."

कुंपणाजवळ व्यंकटचा गाडा, उकडलेल्या शेंगा.
त्याचं पारडं धूमागणिक नाचत होतं,
पावशेराचा काटा काही केल्या ठरेना,
आणि तो बॉक्सवाल्यांच्या आईबापाचा उद्धार करत होता.
मधल्यांच्या वाट्याचं सगळं
त्याच्या तराजूत पडत होतं.

मी पकड घेऊन धावलो.
सुलटी केली की मधोमध दोघं एकदम पोचणार,
हातात हात घालून,
आणि चाऊसच्या हिशोबानं तिथं
एक न् एक दोन नाही, चार होणार.

"नक्को. ठैर."

सातव्या रांगेत खिचडीवाल्या अयोध्याबाई.
थोरली स्टेजवर नाचत होती, म्हणून आलेल्या.
धाकटी मांडीवर, कपाळावर ओला रुमाल,
दोन दिवसांच्या तापानंतर
आत्ता कुठं डोळा लागलेला.
एवढ्या दणक्यात. तोंड उघडं.
बरोब्बर पानाच्या जागेवर.

हेडमास्तर लांबून हात करत होते: आवाज, आवाज.
सालेहभाईनं त्यांच्याकडं बहिरा कान केला.
अॅम्प्लिफायरच्या पेटीवर बसून राहिला,
बोटांमध्ये लाल वायरीचं उघडं टोक,
नजर सातव्या रांगेत.
"गाना होने दे. पोरीला झोपू दे."

थोरलीनं गिरकी घेतली, पैंजण तुटलं, तशीच नाचली.
अयोध्याबाईंनी टाळ्या वाजवल्या
एका तळव्यानं, मांडीच्या कडेवर.

मग अध्यक्ष उठले. मी वायर बदलली.
"माझ्या बंधूंनो" मधलं "मा"
सातव्या रांगेवर असं आदळलं
की पोर दचकून बसली, इकडंतिकडं बघितलं,
आणि शेंगा मागितल्या.

गाड्यावर पारडं एकाएकी ठरलं होतं.
व्यंकट त्याला बोटानं टिचकी मारून बघत होता.