देठ

पान हातात आलं की मी आधी त्याची पाठ बघते.
चाळीस वर्षं तेंदूच कापला ना,
हजार विड्या म्हणजे हजार पाठी.
कारखान्याचं कार्ड परत देऊन झालं,
बोटांना कोण सांगणार?

कुंभारीच्या विडी घरकुलात, टाकीच्या मागं,
फुटके ड्रम, बुड गेलेल्या बादल्या,
चादरीच्या गोणपाटात बांधलेली काळी माती.
एवढंच माझं रान. दोन खाटा टाकल्या तर भरेल.

चुका आणि चाकवत शेजारी लावले.
चुका लाडाचा, पातेल्यात गेला की पाघळतो,
चाकवत गप्प.
त्याला ताक लागतं, लसूण लागते,
कुणीतरी बोलकं बरोबर लागतं.
घोळीला काहीच लागत नाही,
विटांच्या फटीतून येते, मुगाच्या डाळीत जाते.
पाथरी कडू ती कडूच.
तिची समजूत घालत बसू नये,
कच्चीच घ्यावी, भाकरी आणि शेंगाचटणीशी.

वाळकाचं मात्र सांगता येत नाही.
बाजारातल्या काकड्या बॉबिनीसारख्या, एका मापाच्या;
वाळूक एक गोड निघतं, त्याच वेलावरचं दुसरं थू करायला लावतं.
देठाकडची चकती आधी जिभेला लावायची.
सून म्हणते, हा जुगार कशाला?
मी तिला चकती देते.

खरं भांडण अंबाडीचं.
मी म्हणते अंबाडी,
येमूलांची भूदेवी म्हणते गोंगूरा,
मंद्रूपची गुरुबसव्वा म्हणते पुंडीपल्ल्या.
भूदेवीला लाल देठाचीच पाहिजे;
तिच्या आजोबांनी म्हणे मागाच्या सामानात बी आणलं होतं,
तेलंगणातून, धोट्याच्या पोकळीत.
गुरुबसव्वाला हिरव्या देठाची.
‘लाल नुसती दात आंबवते बे,
हिरवीत कण्या शिजव, वर करडईचं तेल सोड, मग बोल.’
मी दोघींकडं जेवले,
दोघींना सांगितलं, तुझीच बरी.

भूदेवी गेली भिवंडीला, मुलाकडं.
तिथं म्हणे खिडकीला जाळी आणि जाळीपलीकडं भिंत.
जाताना पावडरीच्या डब्यातलं बी माझ्या ओट्यावर ठेवून गेली,
काही बोलली नाही.
गुरुबसव्वाचंही बी माझ्याकडंच होतं,
राखेत घोळलेलं, काचेच्या बरणीत.

दिवाळीला घर काढलं तेव्हा
सुनेनं बरणी रिकामी केली डब्यात.
‘एकच तर आहे, आई.’
मी परातीत बी पसरलं, चष्मा लावला,
नखानं एकेक दाणा उलटा केला.
पानाची पाठ कळते मला,
दाण्याला पाठ नसते.

कुणाला सांगितलं नाही.
पेरलं सगळं एका ड्रमात.
कोंब आले. दोन दोन पानं, अजून बोटं न फुटलेली,
सगळी सारखीच पोरं.
गुरुबसव्वा रोज येऊन उकिडवी बसायची,
‘माझीच आहे,’ म्हणायची, ‘दिसतंय की.’
मी पाणी घालत राहिले.

तिसऱ्या आठवड्यात सात देठ लाल झाले.

तिनं माझ्याकडं बघितलं.
मी मिरचीच्या झाडाकडं.
म्हटलं, उपटतेस तर उपट.
तिनं एक पान खुडलं, चावलं,
डोळे मिटले, मान झाडली.
‘शी! आंबट.’
मग खराट्याची एक काडी मोडून
त्यातल्या सगळ्यात उंच रोपाशेजारी खोचली.
‘ह्याला हात लावू नको. हे बियाला.
पोस्टानं जातंय का बघ भिवंडीला.’

उठताना दुसरं पान खुडलं.