शिफ्ट दाबून

खानापूरच्या कोर्टासमोर, नोटरीच्या पायरीला लागून
माझं टेबल, माझा टाइपरायटर,
आणि गिऱ्हाइकासाठी एक डुगडुगता स्टूल.
मी इंग्रजीतून अॅफिडेव्हिटं बडवतो.
बोलायला सांगाल तर घाम फुटेल,
पण कंस माझा चुकत नाही.

शहापुरातल्या टायपिंग क्लासात मुतकेकर सर
पट्टी घेऊन उभे असायचे.
(शिव्या कोकणीत देत, माफी इंग्रजीत मागत.)
उघडण्याआधी एक जागा सोड, उघडल्यावर नको.
उघडण्याआधी स्वल्पविराम? कधीच नाही.
द्यायचाच तर मिटल्यावर.
अख्खं वाक्य आत असेल तर पूर्णविराम आत,
दोन-चार शब्दच असतील तर बाहेर, चपलेसारखा.
आणि शेवटी आतलं सगळं अंगठ्यानं झाकून वाच.
वाक्य लंगडलं, तर ते कंसातलं नव्हतंच.

आज नंदगडची बाई आली. पिशवीतून तीन कागद.
शाळेच्या दाखल्यात मराठीत यल्लूबाई.
रेशनकार्डावर कन्नडमध्ये यल्लव्वा.
लग्नात तांदळात लिहिलं ते सुलोचना,
ते बँकेत.
‘तिन्ही मीच, असं लिव्हा की ओ.’

शिफ्ट दाबली. सुलोचना, जागा, कंस, यल्लव्वा,
आणि अडलो. कंसात कंस घालायचा नाही,
ती पट्टी अजून बोटांत आहे.
‘कंसात म्हंजे?’
‘म्हणजे असलं तरी चालतं, नसलं तरी चालतं.’
‘कंस म्हंजे त्यो देवकीचा भाऊ?’
‘त्योच.’
‘मग नको मला त्याच्या कोठडीत.’
जरा थांबून म्हणाली,
‘यल्लू म्हणून हाक मारणारी एकच उरलीय,
तिलाबी आता दिसत नाही.
त्ये झाकून वाचलं तर चालतंय म्हणता?’

मी अंगठा ठेवला. वाचलं.
वाक्य ठणठणीत चाललं, कुठं अडखळलं नाही.
व्याकरणाचं काहीच चुकलेलं नव्हतं.

कागद ओढून काढला, दुसरा घातला.
तिन्ही नावं एका ओळीत, उर्फ, उर्फ,
कुणालाही न झाकता.
वाया गेलेल्या कागदाचे पैसे मी धरले नाहीत.
(तिनं धरायला लावले.)

त्या रद्दी कागदावर तो कंस अजून उघडाच आहे.
सर असते तर मिटवून घेतला असता.
मी त्यात टरफलं गोळा केली
(पाच वाजता नोटरी शेंगा खातो).