पहिलं पाणी

शनिवारी तीन फडकी यायची माझ्याकडं.
दोन कालीस पुसायची, एक वेदीवर अंथरायचं.
घडी उलगडली की कोपऱ्यात
द्राक्षारसाचा डाग, करवंदाएवढा.
सिस्टर एर्मेलीननं एकदाच सांगितलं होतं:
पहिलं पाणी साबणाशिवाय.
पहिलं पाणी गटारात नाही.
जिथं कुणाचा पाय पडत नाही अशा मातीत ओत,
मग पुढं सोडा लाव, नीळ घाल, तुझं तू बघ.

का, म्हणून मी विचारलं नाही.
पाणी ओतून देणं मला ठाऊक होतं.
माझ्या बापाचा हात लागला म्हणून
भर चैतात हौद रिकामा केला होता गावानं.
बोळा काढला, आणि सगळे बघत राहिले
पाणी रस्त्यावरनं जाताना.
बैलंसुद्धा तहानलेली होती.
वर्षभरानं बाप नंदगडच्या बसनं खानापुरात आला
आणि फादरसमोर डोकं वाकवून उभा राहिला.
त्या डोक्यावरनं ओघळलेलं पाणी
कुणी पुसलं नाही, असं तो सांगायचा.
एवढंच सांगायचा.

त्याच्या लेकीला आता सांगत होते:
तुझ्या हातचं पाणी
थेंबभर वाया घालवू नकोस.

अठरा वर्षं.
साक्रिस्तीच्या मागं, फुटक्या कौलांच्या ढिगाआड
पितळेची वाटी उपडी करत आले.
नळ चार दिवसांनी आला तरी,
मलप्रभा घोट्याएवढी राहिली तरी,
हाताला कात्रे पडले तरी.
तिथं अळू माजलं, हत्तीच्या कानाएवढं.
घंटा वाजवणारा कैतान म्हणायचा,
"ह्याची भाजी केली तर पाप लागंल काय गे, सुजाय?"
फादर लिगोरी हसले. "आधी खा,
मग कुमसाराला ये."
त्यानं खाल्ली. घसा खाजला, एवढंच.

मग नवे फादर आले बेळगावहून.
मराठी मिसा साताला, कन्नड मिसा साडेआठला,
मध्ये कॉफी. माणूस चांगला, घड्याळाचा.
म्हणाले, "तुला आता होत नाही, सुजाय.
रोझलीनबाईंकडं मशीन आहे."
होत होतं मला.
पण आदल्या दिवशी दाराआड ऐकलं होतं मी:
वेदीचं कापड, फादर,
कुणाच्या हातात द्यायचं ते बघून द्यावं.

"जी फादर," म्हटलं.
तीन फडकी इस्त्री करून दिली,
कडेला कड लावून.
आज्ञा पाळायला जीभ पुरते;
रात्री मात्र हात उशाशी घेऊन पडले,
दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे.

पुढच्या शनिवारी
रोझलीनबाईंच्या घरामागनं गेले.
मुद्दामच गेले, खोटं कशाला बोलू.
भिंतीतनं करडी नळी बाहेर आलेली,
फेस ओकत होती गटारात.
निळा फेस. त्यात पहिलं पाणी कुठलं,
दुसरं कुठलं, कोण सांगणार?
गटार पुढं शाळेवरनं, मटणाच्या दुकानावरनं जातं.

फादरना सांगता आलं असतं.
मग रोझलीनबाईंची मान खाली गेली असती,
आणि मला ती बघायला आवडली असती.
म्हणून नाही सांगितलं.

अंधार पडल्यावर खुरपं घेऊन आले.
वीतभर चर काढला, नळीचं तोंड फिरवलं,
दगड लावला.
पलीकडं केळीचं एक कुपोषित रोप होतं,
तिकडं कुणी जात नाही.
कुंपणावरनं गंगव्वानं विचारलं,
"काय करुलीस गे तिथं अंधारात?"
"काही नाही," म्हटलं. "मिसा ऐकुलोय."
ती हसली. वेडी म्हणाली असंल.

दर शनिवारी जाते. चर बुजतो, परत काढते.
मशीनला कळत नाही, बाईंना कळत नाही.
पावसात एकदा घसरले, गुडघा फुटला,
तो चरातच धुतला. चुकलं असंल ते.

फेस्ताला रोझलीनबाईंनी
अख्ख्या वाड्यात केळी वाटली.
माझ्या दारातसुद्धा दोन फण्या,
उंबऱ्याबाहेर, वर्तमानपत्रावर ठेवलेल्या.
"ह्या वर्षी घड काय आलाय गे," म्हणाल्या,
"खत ना पाणी!"

आत आणल्या.
एक सोलली.
खाण्याआधी, सवयीनं,
कपाळाला बोट लावलं.