चौथा संघ

यादी माझ्याच हातची.
त्या दिवशी प्रिंटर बंद होता
आणि ऑफिसात माझं अक्षर बरं, असं म्हणतात.

वर्षअखेरीच्या निमंत्रित खो-खोला चार संघ बोलवायचे होते.
तिघांवर वाद नव्हता.
चौथ्यासाठी केगावच्या खोलीत सहा खुर्च्या, एक पंखा,
आणि मधोमध कडक भाकरी, मोडून ठेवलेली,
कागदावर शेंगाचटणीचा ढीग.

मंद्रूपच्या मुली सात खेळल्या, सात जिंकल्या.
मला तोंडपाठ आहे, गुणलेखक मीच होतो.
बार्शीत एक डाव तीन गुणांनी.
सांगोल्यात फक्की संपली म्हणून राखेनं आखलेलं मैदान,
दुपारी दोनचं ऊन,
आणि भाग्यवंती बिराजदार
या खांबापासून त्या खांबापर्यंत, परत, पुन्हा,
पाठलाग करणारी पोरगी हात लांबवायची
आणि हातात हवा यायची.
तीन मिनिटं दहा सेकंद.
घड्याळ दाबताना माझा अंगठा घामानं घसरला होता.

यन्नम सर म्हणाले, सात जिंकल्या बे, पण कुणाशी?
सगळे कच्चेच की.
हत्तुरे मॅडम म्हणाल्या, शहरातलं कॉलेज एकदा हरलं खरं,
पण हरलं ते वेळापूरशी.
तसलं हरणं वेगळं असतं.
कुणीतरी म्हणालं, पार्क मैदान भरायला पाहिजे,
मंद्रूपहून किती लोक येणार, एक टमटम?
हसले सगळे. मीही हसलो असेन.

कुणी पैसे खाल्ले नाहीत, हे लिहून ठेवतो.
कुणी खोटंही बोललं नाही.
प्रत्येकानं थोडं थोडं खरं आणलं होतं
आणि ते सगळं एकत्र वजन केलं तर
सात सामने हलके भरले.

गुणलेखकाला मत नसतं.
मी चटणीचा हात रुमालाला पुसला
आणि चौथ्या ओळीवर शहराचं नाव लिहिलं.

ती तिसऱ्या दिवशी आली, सकाळच्या एस.टी.नं,
चपलांवर मंद्रूपची काळी माती वाळलेली.
फलकासमोर बराच वेळ उभी.
मग माझ्या टेबलाशी.
"सर, अक्षर तुमचंच ना हो?
आमच्या कागदावर 'विजयी' लिहिता
त्यातला व असाच असतो, पोट सुटलेला.
इथं 'निवड'मध्ये पण तोच."

मी म्हणालो, बस. पाणी घे.
बसली नाही.
"भांडायला नाही आले.
एवढंच विचारायचंय. मोठ्या संघाशी खेळलो नाही म्हणून नाही घेतलं,
आणि घेतलं नाही तर मोठ्या संघाशी
खेळणार कधी?"

मी कपाट उघडलं. का, ते माहीत नाही.
सातही गुणपत्रिका काढल्या, तिला दाखवल्या.
तिनं सांगोल्याची उचलली,
आपल्या नावापुढचा आकडा बोटानं शोधला.
"राखेचा डाग आहे अजून," म्हणाली.
ठेवली जागेवर, सरळ करून,
आणि अकराची गाडी चुकेल म्हणत गेली.

स्पर्धेला पार्क मैदान भरलं.
टॉवेल कारखान्याची कमान, ढोल, खुर्च्यांना कव्हरं.
शहरातल्या मुली वाईट खेळल्या असत्या
तर मला सोपं गेलं असतं.
सात नंबरची पोरगी सुरेख पळाली,
खांबाला अशी वळसा घालून की माझ्या तोंडून वा निघालं.
तिचा काय दोष? तिनं थोडीच यादी लिहिली?

घड्याळ दाबलं. दोन वीस.
नियमाप्रमाणे रकान्यात लिहिलं, दोन वीस.
मग पेन उचललंच नाही.
समासात, जिथं पंचांची सही येत नाही
आणि कुणी बघतही नाही,
बारीक अक्षरात लिहिलं
तीन दहा.