वाफ

म्दांत्सानेच्या थांब्यावर टॅक्सी एकही नाही.
एक कुत्रं, दोन पोलीस, मे महिन्याची थंडी
आणि माझी कढई.

कागद होता माझ्याकडे, शिक्का जरा फिकट:
अन्न विकण्यास परवानगी.
"गार अन्न, मावशी," धाकटा म्हणाला.
"गरम विकायला बंदी आहे."

अमाग्विन्या. पिठाचे तळलेले गोळे,
पहाटे तीनला मळून घोंगडीखाली फुगवलेले.
गार झाले की सासूबाई म्हणायच्या,
आता यानं माणूस मारता येईल.

"किती गार?" मी विचारलं.
धाकट्यानं थोरल्याकडे पाहिलं, थोरल्यानं आभाळाकडे.
तेवढं कायद्यात लिहिलेलं नव्हतं.

मग आम्ही तिघं परातीभोवती,
मधे दोन-दोन हात जागा सोडून,
मयताला उभे राहतात तसे उभे राहिलो
वाफ जायची वाट बघत.

मी बोलले नाही. तोंडची वाफ दवडण्यात अर्थ नव्हता,
आणि हल्ली तिचीच तर भीती.

धाकटा म्हणजे लुखान्यो. तिसरीत असताना उधारीवर खायचा,
चार रँड अजून वहीत.
मधेच बोटाच्या पेरानं एक गोळा चाचपून म्हणाला,
"आहे अजून."
मुखपट्टीखाली आवंढा हलला.

शेवटी झाले गार. कायदेशीर.
त्यानं सहा घेतले, पैसे मोजून दिले,
वहीतले चारही.
गाडीत बसून काच वर घेताना
पुडकं हीटरच्या जाळीवर ठेवताना दिसला.

मी स्टोव्हची वात बारीक केली.
विझवली नाही.
अर्धी परात पीठ अजून फुगत होतं.