ओलीच आण

'वाळवू नकोस,' वाल्देसीर फोनवर म्हणाला होता,
'तांदळात तर मुळीच नको. ओलीच आण.'
म्हणून झुरेमाने डिस्क आणली
ओल्या टॉवेलात गुंडाळून,
ताप चढलेल्या पोरासारखी पोटाशी धरून.

पोर्तो अलेग्रेच्या भिंतींवर अजून
छातीच्या उंचीला तपकिरी रेघ.

सहा स्क्रू, मग झाकण.
आत आरसा. आरशावर नदीचा गाळ.
त्याने श्वास रोखला, तिनेही, उगाच.
डिस्टिल्ड पाण्याने धुतली, परत धुतली,
दुसऱ्या एका मेलेल्या डिस्कचं हेड काढून
हिला बसवलं.

पहाटे एकच फाइल उघडली.
लग्नाचे फोटो नव्हेत.
नवरा मधमाश्यांच्या पेट्या मोजतोय:
सतरा, अठरा...
मध्येच शिंकतो,
आकडा विसरतो.

'मागे घे,' ती म्हणाली,
'शिंकेपर्यंत.'