एक दशांश

आमची भाषा लिहिणारे जगात चारशे एकोणीस.
बोलत ती कुणीच नाही; तिच्यात नुसते कंस, स्वल्पविराम
आणि रात्री दोनला सापडलेली एखादी चूक.
कोण कुठे राहतं याचा नकाशा करायचं ठरलं
तेव्हा हात मी वर केला,
भुसावळात, जामनेर रोडला, पतसंस्थेच्या वरच्या खोलीत,
जिथे मे महिन्यात माउससुद्धा चटका देतो.

नियम मीच लिहिला:
कुणाचं घर कुणाला सापडू नये.
अक्षांश-रेखांश एका दशांशापर्यंत,
पुढचे आकडे टाकून द्यायचे,
साठवायचे नाहीत, माझ्याकडेही नाहीत.

मग ठिपके आले.
रेक्याविकमध्ये तिघं. ओसाकात सात, बहुतेक एकाच इमारतीत.
मॉन्तेव्हिदेओतल्या बाईने टाचणीसोबत मांजराचं नाव दिलं.
एकाने स्वतःला दक्षिण ध्रुवावर टोचलं, गंमत म्हणून.
आणि ज्यांनी रकाना कोरा सोडला
ते सगळे शून्य-शून्यावर,
आफ्रिकेच्या बाजूच्या समुद्रात,
तेवीस जण, होडी नाही, काही नाही.
त्यांना मी तिथेच राहू दिलं.

माझा ठिपका पडला तापीत.
आकडा गोल झाला आणि मी
जिना, नळाची वेळ, दारातली स्कूटी सोडून
उत्तरेला सरकले, थेट पात्रात.

सुपडूतात्यांना दाखवलं. खाली पहाऱ्याला असतात,
त्याआधी तीस वर्षं यार्डात सांधेवाले.
चष्मा कपाळावर नेऊन बघितलं, म्हणाले,
"इथी तं डोह हाये. इथी कोन ऱ्हायते?"
मी म्हटलं, मी.
"पोहता येते का तुले?"

नाही येत.

जुलैत कधीतरी लक्षात आलं,
ठिपक्यावर बोट ठेवलं की आकडा दिसतो: दोन.
मोजणी तपासली. पुन्हा तपासली. दोनच.
याच चौकोनात, या दहा-अकरा किलोमीटरांत,
ही भाषा लिहिणारं आणखी कुणीतरी.
कळायला मार्ग नव्हता;
मार्ग मीच बुजवून ठेवला होता.

मग मी माणसं बघायला लागले.
लोको शेडमधून सुटून डबा हलवत जाणारा तो.
दीपनगरच्या बसमध्ये वहीच्या मागच्या पानावर
एकेक ओळ आत सरकवत लिहिणारी मुलगी;
वाकून पाहिलं तर दुधाचा हिशेब.
सरकवलेला मात्र अगदी बरोबर.
केळीच्या वखारीत काट्यावर बसणारा फिरके,
जो पावतीवर उघडलेला प्रत्येक कंस बंद करतो.
विचारणार काय?
आपल्याकडे "तुम्ही कुठले?" म्हटलं की
आडनाव, पोटजात, सासर-माहेर,
सगळं एका दमात उलगडावं लागतं.
मला त्यातलं काहीच नको होतं.

टाचणीखाली एक ओळ जोडता येते.
मी लिहिलं: मी जयवंती फेगडे. कोण आहे?

अकरा दिवस काही नाही.
हतनूरचे दरवाजे उघडल्याची बातमी आली,
नदीकाठच्या गावांतून भोंगा फिरला,
मी उगाच नकाशा उघडून
आमच्या ठिपक्याकडे बघत बसले.

बाराव्या दिवशी खाली दुसरी ओळ:
आठेच शे. लाइट गयथी.

अहिराणी. म्हणजे मूळचा इकडचा नाही,
अमळनेर-पारोळ्याकडून बदलून आलेला असेल,
किंवा आलेली, किंवा आईच्या तोंडची उचललेली.
नकाशात ही भाषा निवडायची सोयच नव्हती,
ती मी ठेवली नव्हती.

गल्ली विचारता आली असती.
मी विचारलं: पाणी किती आलंय?

उत्तर लगेच आलं, जणू पलीकडे कुणी
खरंच धोतर नाहीतर सलवार वर धरून थांबलं होतं:
गुडघालोंग. उभी ऱ्हाय.